फरक आढळला नाही

लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातले गस गॅझर्ड आणि त्यांचे सहकारी यांचा एक शोधनिबंध मार्च २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. काचबिंदूचं निदान नुकतंच झालेल्या माणसाला आधी ड्रॉप्स सुरू करावेत की आधी लेझर द्यावं, एवढाच त्याचा विषय. ‘लाइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचा हा अहवाल. त्याने स्वतःला जो मुख्य प्रश्न घातला होता त्याचं उत्तर आलं: फरक आढळला नाही. वैद्यकात असं उत्तर घेऊन आलेला निबंध सहसा कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही. याचं मात्र वेगळंच झालं. जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या उपचारांचे दंडक ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने आपली काचबिंदूची मार्गदर्शिका बदलली आणि ड्रॉप्सच्या आधी लेझर सुचवावं असं त्यात आलं. मुख्य रकान्यात ‘फरक नाही’ लिहिणाऱ्या निबंधाने रूढ झालेला क्रम उलटा कसा केला? याचं उत्तर बातमीच्या मथळ्यात सापडत नाही. त्यासाठी निबंध सावकाश वाचावा लागतो. काय आधी सांगितलंय, काय मागे ठेवलंय, कुठे आवाज चढवता आला असता आणि चढवलेला नाही, हे पाहत. तसा वाचला की तो शास्त्राइतकाच लेखनाचाही नमुना वाटू लागतो.

आधी आजार. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक पारदर्शक पाणी तयार होत असतं, मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर. ते बुबुळाच्या मागून पुढे येतं आणि बुबुळ व पारदर्शक पटल जिथे मिळतात त्या कोनातल्या एका सूक्ष्म जाळीतून झिरपून रक्तात जातं. मोरीची जाळी कचऱ्याने भरली की पाणी तुंबतं, तसंच इथेही होतं. पाणी येतच राहतं, निचरा मंदावतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. साधारणपणे तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. दाब वाढला, किंवा नेहमीचाच दाबही एखाद्याच्या नसेला सोसेना, की मेंदूकडे दृष्टी नेणाऱ्या नसेचे तंतू मरू लागतात. बहुतेक वेळा दुखत नाही, लाली येत नाही. नजरेच्या कडा आधी झिजतात आणि मधली नजर शेवटपर्यंत साथ देते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. मोतीबिंदूची दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही. उरलेली सांभाळायची, आणि त्यासाठी डॉक्टरांच्या हातात आजही खात्रीचा उपाय एकच आहे, तो म्हणजे दाब उतरवणं.

दाब उतरवल्याने खरोखर नजर वाचते का, हा प्रश्न ऐकायला भाबडा वाटतो. पण त्याचं भक्कम उत्तर यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. स्वीडनमध्ये २५५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. एका गटावर लगेच उपचार केले होते आणि दुसऱ्या गटावर नुसती नजर ठेवली होती. उपचार झालेल्यांचा आजार सावकाश वाढला. दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने उतरला की आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असा हिशेबही त्याच अभ्यासातून निघाला. मग ब्रिटनमधल्या ५१६ रुग्णांच्या चाचणीने नुसत्या ड्रॉप्सची परीक्षा घेतली. निम्म्यांना लॅटानोप्रोस्ट, निम्म्यांना औषध नसलेले ड्रॉप्स. दोन वर्षांत औषधाच्या गटात १५.२ टक्के लोकांची नजर खालावली, बिनऔषधाच्या गटात २५.६ टक्के लोकांची. दाब उतरवून उपयोग होतो का, हे पहिलीने सांगितलं. ड्रॉप्सने नजर वाचते का, हे दुसरीने. ‘लाइट’ तिसऱ्या पायरीवर उभी आहे. दाब उतरवायचाच आहे हे ठरलं, आता कोणत्या वाटेने उतरवला तर माणसाचं जगणं बरं राहील?

शेवटचे शब्द या निबंधाचा गाभा आहेत. मुख्य मोजमाप म्हणून लेखकांना डोळ्याचा दाब निवडता आला असता. काचबिंदूवरच्या नव्या औषधाची पारख बहुधा तशीच होते, किती मिलिमीटर उतरला यावर. आकडा चटकन मिळतो, यंत्रावर दिसतो आणि त्यावर वाद होत नाही. गॅझर्ड आणि मंडळींनी तो दुय्यम रांगेत बसवला. मुख्य जागी बसवली ती रुग्णाने स्वतः भरायची पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली. चालता-फिरता येतं का, स्वतःचं आवरता येतं का, रोजची कामं जमतात का, दुखतं-खुपतं का, काळजी किंवा उदासी वाटते का. उत्तरांतून एक अंक निघतो आणि तो १ असला तर तब्येत अगदी ठणठणीत. निदान झाल्यावर तीन वर्षांनी हा अंक कोणत्या गटात जास्त असेल, यावर त्यांनी आपला सगळा डाव लावला.

असा प्रश्न का विचारावासा वाटला, हे ड्रॉप्स घालणाऱ्याला सांगावं लागत नाही. मान मागे टाकायची, खालची पापणी बोटाने ओढून खाच करायची, बाटली डोळ्याला न लावता तिच्यावर आणायची आणि दाबायची. थेंब कधी नेमका पडतो, कधी पापणीवर, कधी गालावरून ओघळतो. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात कमी उतरतं. दोन औषधं असली तर मध्ये पाच-दहा मिनिटं थांबायचं. हे रोज, आणि मरेपर्यंत. हात कापणाऱ्याला, सांधे आखडलेल्याला, एकटं राहणाऱ्याला हे किती जड जातं, ते बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. औषधांची स्वतःची देणीही आहेत. लॅटानोप्रोस्टच्या घराण्यातल्या ड्रॉप्सने डोळे लाल होतात, पापण्यांचे केस लांब होतात, कातडी काळवंडते, काहींच्या बुबुळाचा रंग कायमचा गडद होतो. टिमोलॉल या दुसऱ्या जातीच्या औषधाने दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो, नाडी मंदावते. आणि हे सगळं सोसायचं अशा आजारासाठी, जो रुग्णाला स्वतःला दिसतही नाही. बाटली संपल्यावर नवी आणायचं राहून जातं ते आळसामुळे कमी, आणि औषधाचा त्रास जाणवतो पण उपयोग जाणवत नाही म्हणून जास्त.

दुसऱ्या बाजूला लेझर. निबंधात त्याला मोजकी वाक्यं आहेत, पण त्या वाक्यांमागे मोठं पूर्वायुष्य आहे. जाळीवर आर्गॉन लेझरचे चटके देऊन निचरा सुधारायची पद्धत १९७९ पासून होती. चटक्याने जाळीत व्रण राहत, त्यामुळे ती फार वेळा करता येत नसे. पुढची उडी घेतली ती कातडीच्या डॉक्टरांनी. बोस्टनमधल्या अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये एक तत्त्व मांडलं. लेझरचा झोत पुरेसा क्षणभंगुर ठेवला तर उष्णता फक्त रंगद्रव्य असलेल्या कणालाच लागते, शेजारच्या पेशीपर्यंत पसरायला तिला वेळच मिळत नाही. जन्मखुणा आणि त्वचेवरचे डाग घालवायला ते कामी आलं. मार्क लॅटिना यांनी तेच तत्त्व डोळ्याच्या जाळीकडे वळवलं. १९९५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने रंगद्रव्य असलेल्या आणि नसलेल्या पेशी एकाच बशीत वाढवून त्यावर झोत सोडला. रंगीत पेशी मेल्या आणि त्यांना खेटून असलेल्या बिनरंगी वाचल्या. यातूनच आजचं निवडक लेझर, म्हणजे एसएलटी, आलं. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला वापराची परवानगी मिळाली.

प्रत्यक्षात हे फार शांतपणे होतं. डोळा बधिर करणारा थेंब टाकतात, रुग्ण तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवतो. डॉक्टर डोळ्यावर एक आरसेदार भिंग बसवतात, कारण जाळी असते त्या कोनात समोरून पाहता येत नाही. त्या आरशात जाळीचा तपकिरी पट्टा दिसतो. हिरवा प्रकाश, ५३२ नॅनोमीटरचा. झोताचा ठिपका ०.४ मिलिमीटर, एकेका झोताचा काळ तीन नॅनोसेकंद. खट, खट, खट करत साधारण शंभर झोत गोलाकार फिरतात. ऊर्जा किती ठेवायची याची खूण डोळ्यासमोरच असते. झोत लागला की काही वेळा जाळीपाशी अगदी बारीक बुडबुडे उठतात. ते दिसले की ताकद पुरेशी झाली, फारच उठले की कमी करायची. काही मिनिटांत रुग्ण उठून घरी जातो. डोळा एक-दोन दिवस चुरचुरतो आणि दाब पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. यात भोक पडत नाही, व्रण उरत नाही. मेलेल्या रंगीत पेशींचा कचरा उचलायला शरीराच्या सफाई-पेशी येतात आणि जाळीतली हालचाल बदलते, असा आजचा समज आहे. नेमकं काय घडतं यावर अजून संशोधन चालू आहे. परिणाम काही वर्षांनी ओसरतो, पण जाळी जळालेली नसल्यामुळे पुन्हा देता येतं.

या दोन वाटांची तुलना करताना सगळ्यात मोठी अडचण डॉक्टरच असतो. लेझरवर ज्याचा विश्वास आहे तो लेझरच्या रुग्णाला जरा जास्त सवलत देईल. दाब थोडा वर राहिला तरी म्हणेल, पाहू पुढच्या वेळी. ड्रॉप्सच्या रुग्णाला तोच डॉक्टर लगेच दुसरी बाटली लिहील. आकड्यांत हे दिसत नाही, पण निकाल फिरतो. ‘लाइट’ने यावर जो बंदोबस्त केला तो मला या निबंधातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. प्रत्येक डोळ्याचा दाब किती उतरवायचा हे त्याच्या आजाराच्या तीव्रतेवरून आधीच ठरलं. आजार जितका पुढे गेलेला, तितकं उद्दिष्ट कडक. पुढे नजरेची चाचणी, नसेचं छायाचित्र आणि दाब यांचे आकडे संगणकात जात आणि उपचार वाढवायचा की नाही याचा सल्ला ठरलेल्या नियमाने संगणक देई. वाढवायचाच झाला तर कोणत्या क्रमाने, तेही आधी लिहिलेलं. ड्रॉप्सच्या गटात आधी प्रोस्टाग्लँडिनच्या जातीचं, म्हणजे लॅटानोप्रोस्टच्या घराण्यातलं औषध, मग टिमोलॉलसारखा बीटा ब्लॉकर, मग पुढची. लेझरच्या गटात हवं तर एकदा पुन्हा लेझर, मग ड्रॉप्स. कोणाला काय उपचार मिळाला हे रुग्णाला माहीत असणं अटळ होतं, कारण लेझर लपवता येत नाही. म्हणून मोजमाप घेणाऱ्याला ते कळू न देण्याची काळजी घेतली. लेखकांनी स्वतःच्या आवडीनिवडीचे हात असे बांधून घेतले आणि मगच कामाला लागले. ऑक्टोबर २०१२ पासून दोन वर्षं सहा ब्रिटिश रुग्णालयांतून ७१८ रुग्ण घेतले. ३५६ लेझरकडे गेले, ३६२ ड्रॉप्सकडे. यांपैकी कोणीही याआधी काचबिंदूचा उपचार घेतलेला नव्हता.

तीन वर्षांनी प्रश्नावल्या परत आल्या. ७१८ पैकी ६५२ जणांनी भरून दिल्या. एवढ्या लांब पल्ल्याच्या अभ्यासात इतक्या परत येणं ही व्यवस्थेची कमाईच. आणि अंक? लेझर ०.८९, ड्रॉप्स ०.९०. शंभरात एकाचा फरक, तोही ड्रॉप्सच्या बाजूने, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने नसल्यासारखा. लेखकांनी निष्कर्षांत हे सर्वांत आधी सांगितलंय. सारांशातही तोच क्रम आहे. पुढे येणारे आकडे त्यांच्या बाजूचे होते. मुख्य निकाल दुसऱ्या परिच्छेदात सरकवून, ‘मात्र’ हा शब्द पुढे करून, मथळा वेगळा करता आला असता. मुख्य मोजमापात काही सापडलं नाही की दुय्यम मोजमापांच्या गर्दीत ते बुडवून टाकण्याची सवय वैद्यकीय नियतकालिकांच्या वाचकांना चांगली ठाऊक आहे. इथे ती नाही. जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर आधी.

मग येतात दुय्यम निष्कर्ष. तीन वर्षांनंतर लेझरच्या गटातल्या ७४.२ टक्के रुग्णांना उद्दिष्टाइतका दाब राखायला एकाही ड्रॉपची गरज पडत नव्हती. तपासणीच्या ज्या ज्या भेटीत डोळ्याचा दाब उद्दिष्टाच्या आत होता, त्या भेटी लेझरच्या गटात ९३.० टक्के, ड्रॉप्सच्या गटात ९१.३ टक्के. दाब आटोक्यात येईना म्हणून निचऱ्याची नवी वाट काढणारी शस्त्रक्रिया ड्रॉप्सच्या गटात ११ रुग्णांवर करावी लागली, लेझरच्या गटात एकावरही नाही.

हे तीन आकडे सारख्याच वजनाचे नाहीत, आणि निबंध वाचताना ते वेगवेगळे तोलले पाहिजेत. ९३ आणि ९१ यांतला फरक बारीक आहे. त्यावरून कोणी क्रांतीची घोषणा करू लागला तर त्याला थांबवावं. शस्त्रक्रियांचा आकडा ठसठशीत आहे, पण तीनशेहून जास्त माणसांत ११ म्हणजे मूळ संख्या लहान. खरा भार आहे तो ७४.२ वर, आणि तोही ‘फरक नाही’ या पहिल्या वाक्याशेजारी ठेवला तरच. जगण्याचा अंक दोन्हीकडे सारखा. एका गटाने तो रोज बाटली उघडून मिळवला, दुसऱ्या गटातल्या चारपैकी सुमारे तिघांनी बाटली न उघडता. निकाल सारखा आहे, श्रम सारखे नाहीत. पहिलं वाक्य कोरडं वाटतं ते एकटं वाचलं म्हणून. त्याच्या पुढचं वाक्य आलं की त्याच ‘फरक नाही’चा अर्थ फिरतो. लेझर घेतल्याने जगण्याचं काही बिघडलं नाही, आणि रोजचं एक ओझं उतरलं. नवा उपचार सरस ठरण्याची गरजच उरत नाही. कमी त्रासात बरोबरी साधली तरी पारडं झुकतं.

पण मग ते ओझं अंकात का उतरलं नाही? तीन वर्षं रोज ड्रॉप्स घालणाऱ्याचा अंक खाली यायला नको होता का? याची कारणं निबंधाच्या रचनेतच आहेत. पाच प्रश्नांत डोळ्याबद्दल एकही प्रश्न नाही. कडेची नजर झिजलेला माणूसही चालतो-फिरतो, स्वतःचं आवरतो आणि ‘काही त्रास नाही’ असं लिहितो. शिवाय हे सगळे नवे रुग्ण. बहुतेकांचा आजार सुरुवातीचा, दृष्टी जवळपास शाबूत, दोन्ही गटांवर लक्ष चोख. आणि माणूस सवयीचा असतो. रोजच्या श्रमांची त्याला इतकी सवय होते की तो त्यांची तक्रार करेनासा होतो. डोळ्यांच्या खास प्रश्नावल्याही लेखकांनी सोबत दिल्या होत्या, पण तीन वर्षांच्या टप्प्यावर त्यांतही दोन गट जवळपास सारखेच निघाले. मोजपट्टी भरड होती म्हणून फरक निसटला असं म्हणता येतं, आणि फरक मुळात लहान होता असंही म्हणता येतं. दोन्ही अर्थांना निबंधात जागा आहे.

पैशाचा हिशेबही निबंधात आहे आणि तो कोरडेपणाने केलाय. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या बाजूने पाहिलं तर निरोगी आयुष्याच्या एका वर्षासाठी २०,००० पौंड मोजायची तयारी धरली असता लेझर आधी देणं परवडण्याची शक्यता ९७ टक्के. हे वाक्य वाचून कोणी हेलावत नाही. ‘नाइस’च्या टेबलावर मात्र अशीच वाक्यं निर्णय फिरवतात. ही चाचणी लेझर बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाली नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या सार्वजनिक निधीतून झाली, आणि प्रश्नाची निवड त्यामुळेच अशी झाली असावी. औषध कंपनीला आपल्या औषधाने किती मिलिमीटर उतरले हे सांगायचं असतं. करदात्याला माणूस कसा जगला हे विचारावंसं वाटतं.

मर्यादाही निबंधाबरोबरच वाचायच्या. चाचणीतले लोक वेळेवर येतात, त्यांना फोन जातात, त्यांच्याकडे लक्ष असतं. बाहेरच्या जगात ड्रॉप्स याहून कितीतरी जास्त चुकतात. म्हणजे प्रत्यक्षात लेझरची बाजू इथे दिसते त्याहून भक्कम असण्याचा संभव आहे. उलट लेझर देणारे हात इथे सरावाचे होते, ते सगळीकडे असतीलच असं नाही. सहभागी रुग्णांत बहुसंख्य गोरे युरोपीय वंशाचे, आफ्रिकी-कॅरिबियन वंशाचे बऱ्यापैकी, आशियाई वंशाचे थोडे. आणि सर्वांत मोठी अट म्हणजे ही चाचणी फक्त उघड्या कोनाच्या काचबिंदूची आणि नुसत्या वाढलेल्या दाबाची. आपल्याकडे आणि पूर्व आशियात बंद कोनाचा काचबिंदूही मोठ्या प्रमाणात आढळतो. कोनच मिटलेला असेल तर जाळीपर्यंत झोत पोहोचत नाही. तिथे आधी बुबुळाला लेझरने छिद्र पाडणं किंवा नैसर्गिक भिंग काढणं असे दुसरे मार्ग असतात. म्हणून ‘काचबिंदूला आता लेझर’ एवढंच ऐकून दवाखान्यात जाणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो आपल्या कोनाबद्दल. आरसेदार भिंग लावून कोन पाहण्याची तपासणी झाली आहे का? ती न करता दाबाचा आकडा सांगणारं निदान अपुरं असतं.

चांगल्या निबंधाची खरी परीक्षा पुढच्या वर्षांत होते. ‘लाइट’ने सहा वर्षांपर्यंत रुग्णांचा पाठपुरावा केला आणि ते निष्कर्ष पुढे प्रसिद्ध झाले. लेझरच्या गटातले ६९.८ टक्के डोळे सहाव्या वर्षीही ड्रॉप्सशिवाय आणि शस्त्रक्रियेशिवाय उद्दिष्टाच्या आत होते. आजार पुढे सरकलेले डोळे लेझरच्या गटात १९.६ टक्के, ड्रॉप्सच्या गटात २६.८ टक्के. निचऱ्याची शस्त्रक्रिया झालेले डोळे १३ विरुद्ध ३२. तीन वर्षांच्या टप्प्यावर ११ आणि शून्य या लहान संख्यांकडे सावधपणे पाहायला हवं होतं. सहा वर्षांनी त्याच दिशेचा मोठा आकडा समोर आला. जगण्याचा पाच प्रश्नांचा अंक अजूनही सारखाच होता. पण डोळ्यांच्या त्रासाची खास प्रश्नावली आता लेझरच्या बाजूने झुकली. तीन वर्षांनी ज्या पट्टीने काही टिपलं नव्हतं, तिने सहा वर्षांनी टिपलं.

दुसरी साक्ष आली ती टांझानियातून. किलिमांजारो भागातल्या रुग्णालयात जास्त दाब असलेल्या २०१ रुग्णांवर एसएलटी आणि टिमोलॉलचे ड्रॉप्स यांची तुलना झाली. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. एका वर्षाने लेझरच्या गटात ६१ टक्के डोळे यशस्वी ठरले, ड्रॉप्सच्या गटात ३१ टक्के. ब्रिटनमध्ये दरी बारीक होती, इथे लेझरचं यश ड्रॉप्सच्या जवळपास दुप्पट निघालं. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. आजार पुढे गेलेला, रुग्णालय दूर, दरमहा बाटली आणणं कठीण. जिथे औषधाचा पुरवठा आणि रोजची शिस्त यांचा भरवसा नसतो, तिथे एकदा करून टाकायचा उपाय अधिक मोलाचा ठरतो. लंडनच्या निबंधातली ‘बरोबरी’ ही सुबत्तेतली बरोबरी होती, हे टांझानियाचा निबंध शेजारी ठेवल्यावर कळतं.

आपल्याकडे त्याच्याही आधीची पायरी अजून चढायची आहे. हैदराबाद आणि दक्षिण तमिळनाडूत घरोघरी जाऊन केलेल्या नेत्र-पाहण्यांत ज्यांना उघड्या कोनाचा काचबिंदू आढळला, त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हतं. निदानच न झालेल्याला आधी लेझर की आधी ड्रॉप्स, हा प्रश्न पडत नाही. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला गेलेल्याचा दाब, नस आणि कोन पाहिले गेले, घरात कोणाला काचबिंदू असेल तर भावंडांची तपासणी झाली, तर ‘लाइट’चा निकाल आपल्या कामाचा. यंत्र असलेल्या शहरातल्या रुग्णाने तो डॉक्टरांसमोर ठेवून विचारावं, माझा कोन उघडा आहे, मग ड्रॉप्सच्या आधी लेझरचा विचार करता येईल का?

दाब उतरवण्याच्या नव्या उपायांचा सध्या चांगलाच सुकाळ आहे. जाळीवरच काम करणारं नेटारसुडिल हे ड्रॉप्सचं औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. डोळ्यात सोडल्यावर काही महिने औषध झिरपत ठेवणारा बिमाटोप्रोस्टचा विरघळणारा कण २०२० मध्ये आला, आणि ट्रॅव्होप्रोस्ट भरलेली टायटॅनियमची बारीक कुपी २०२३ च्या अखेरीस. शेवटच्या दोघांचा रोख एकच आहे, रोजची बाटली माणसाच्या हातातून काढून घेणं. परवानगीच्या कागदांवर या सगळ्यांची पारख मुख्यतः मिलिमीटरांत झाली, आणि ते रास्तही आहे, कारण दाब उतरलाच नाही तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. पण वापर सुरू झाल्यावर दुसरी परीक्षा लागते. तीन वर्षांनी माणसाला किती औषधं घ्यावी लागतात, किती जणांना शस्त्रक्रियेपर्यंत जावं लागलं, आणि एवढं करून तो जगतो कसा. ती परीक्षा कशी घ्यायची आणि निकाल आपल्या मनासारखा नसला तर तो कसा सांगायचा, याचा कित्ता २०१९ च्या या निबंधाने घालून दिलाय. येणाऱ्या प्रत्येक नव्या उपायाच्या जाहिरातीत किती मिलिमीटर उतरले हे ठळक अक्षरांत असेल. त्याखाली या तीन प्रश्नांची उत्तरं आहेत का, ते आपण शोधायचं.